एका भीतीची बखर

आमच्या शिक्षकांच्या खोलीतले एक गृहस्थ पालीला भितात. भिंतीवर पाल चुकचुकली की त्यांच्या हातातला खडू गळून पडतो. माझ्या आत्याला विजेचे भय होते. आभाळ गडगडू लागले की ती डोक्यावरून गोधडी घेऊन माजघराच्या कोपऱ्यात जाऊन बसे आणि पाऊस ओसरल्यावर काही झालेच नाही अशा थाटात चहाचे आधण ठेवी. आम्ही मुले पोट धरधरून हसत असू. वाचकहो, तुमच्याही घरात अशी एखादी भीती असेलच. दिवाळीत सारे एकत्र जमले म्हणजे फराळाबरोबर तिचीही आठवण निघत असेल.

एकट्याच्या भीतीला आपण हसतो. पण तीच भीती साऱ्या गावाची झाली म्हणजे कोणी हसत नाही. मग तिला भीती म्हणतच नाहीत. तिला रीत म्हणतात, सावधपणा म्हणतात, फार झाले तर कायदा म्हणतात. अशाच एका भीतीची ही बखर आहे.

लहानपणी आमच्या गावात देवळाच्या पाराखाली एक म्हातारा बसे. त्याच्या हातांची बोटे झडलेली होती. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी आजी पानात फराळ बांधून माझ्याजवळ देई आणि बजावी, "वरून टाक हो. हात लागू देऊ नकोस." मी वरून टाके आणि पळत सुटे. लाडू फुटून भुगा होई. तो भुगा म्हातारा कसा वेचत असेल, हे पाहायला मी कधी मागे वळलो नाही. आजी निर्दय नव्हती. दारात आलेला भिकारी तिने कधी विन्मुख पाठवला नाही. तिची दयाही खरी होती आणि भीतीही खरी होती. म्हणूनच दान द्यायचे, पण वरून, असा तोडगा तिने काढला होता.

त्या रोगाला आम्ही महारोग म्हणत असू, कोणी रक्तपिती म्हणे. आता कुष्ठरोग म्हणतात. माणसाने याला इतके का भ्यावे? याहून झपाट्याने माणसे मारणारे पटकी, देवी, प्लेग हे रोग होऊन गेले. पण ते येत, मारत आणि जात. कुष्ठरोग सहसा मारत नाही. तो चेहरा आणि हात विद्रूप करतो, आणि माणसाची ओळख तर आपल्याला चेहऱ्यानेच पटते. शिवाय जंतू शरीरात शिरल्यापासून खूण दिसेपर्यंत अनेक वर्षे जातात. कारण डोळ्यांना दिसेना, तेव्हा लोकांनी ते पापात शोधले. आपल्याकडे गेल्या जन्मीचे पाप, तर पश्चिमेकडे देवाचा कोप. पापी ठरवले की मग काहीही करायला हात मोकळे! 1321 साली फ्रान्समध्ये कुष्ठरोग्यांनी विहिरींत विष कालवल्याची आवई उठली आणि कित्येकांना जिवंत जाळण्यात आले.

हे अज्ञानाचे युग होते असे म्हणून आपण सुटू पाहतो. मलाही पूर्वी तसेच वाटे. पण पुढचा इतिहास तसे म्हणू देत नाही. 1873 साली नॉर्वेतील बर्गेन शहरी डॉक्टर हॅन्सन यांना या रोगाचा जंतू सापडला. पापाची जागा एका सूक्ष्म जंतूने घेतली. खरे म्हणजे भीती तिथेच ओसरायला हवी होती, ती वाढली! त्याच वर्षी फादर डेमियन हे बेल्जियन धर्मोपदेशक हवाई बेटांतील मोलोकाईच्या वसाहतीत रोग्यांच्या सेवेला गेले. त्यांना रोग जडला आणि 1889 मध्ये ते वारले. इंग्लंडमध्ये घबराट उडाली, फंड जमला आणि 1890-91 मध्ये एक आयोग हिंदुस्थानभर हिंडला. त्याचा निष्कर्ष असा की हा रोग आनुवंशिक नाही आणि नित्याच्या व्यवहारात त्याचा संसर्ग फारच थोडा होतो. म्हणजे घाबरण्याचे कारण नाही, हे सरकारदरबारी लेखी नमूद झाले.

आणि 1898 साली कायदा झाला. भीक मागणाऱ्या निष्कांचन कुष्ठरोग्याला वॉरंटावाचून पकडावे; सार्वजनिक विहिरीवर पाणी भरण्यास, खाण्याचे पदार्थ विकण्यास, भाड्याच्या गाडीत बसण्यास त्याला मनाई करता यावी, अशी त्यात तरतूद होती. श्रीमंत रोगी घरात सुखाने राहू शके. जंतू गरीब-श्रीमंत पाहत नाही. भीती मात्र पाहते. फिलिपाईन्समधील क्युलियन बेटावर तर रोग्यांसाठी 1913 पासून निराळी नाणी पाडली. त्यांच्या हातचा पैसा आपल्या हातात यायला नको! तिथेही "वरून टाक"च.

आता आपल्या घराजवळची गोष्ट. वरोड्याचे बाबा आमटे मोठे धाडसी. गोऱ्या सोजिरांच्या तावडीतून त्यांनी स्त्रियांची अब्रू वाचवली, म्हणून गांधीजींनी त्यांना 'अभय साधक' म्हटले. तेच बाबा एका पावसाळी संध्याकाळी गटाराकाठी पडलेला तुळशीराम पाहून पळाले. बोटे झडलेला, किडे पडलेला तो देह पाहून अभय साधकाला भय वाटले. मोठेपणा पळण्यात नव्हता, परत येण्यात होता. बाबा परतले, त्यांनी तुळशीरामाची अखेरपर्यंत शुश्रूषा केली, आणि पुढे सहा रोगी, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्या भांडवलावर आनंदवन उभे राहिले.

तिथल्या शेतात भाजी पिकली. पण वरोड्याचे लोक ती विकत घेईनात. 1954 मध्ये देशोदेशींचे तरुण स्वयंसेवक आनंदवनात आले, राहिले, जेवले. साहेब ती भाजी खातात हे पाहिल्यावर बाजारात ती खपू लागली. मला यात हसू येते आणि वाईटही वाटते. आयोगाच्या अहवालाने जे साधले नाही, ते चार पंगतींनी साधले. आणि एक खुळी समजूत घालवायला गोऱ्या कातडीविषयीची दुसरी खुळी समजूत कामी आली!

एवढे वाचलेला मी. तरी माझी स्वतःची गोष्ट सांगितल्यावाचून ही बखर पुरी होणार नाही.

1981 पासून या रोगावर दोन-तीन औषधांचा एकत्र उपचार चालतो. औषध सुरू झाले की थोड्याच दिवसांत संसर्ग थांबतो, आणि बहुतेक माणसांना तर निसर्गतःच हा रोग जडत नाही. सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून त्याचे देशातून निर्मूलन झाल्याचे 2005 च्या डिसेंबरात जाहीर झाले; तरी आजही वर्षाला लाखाच्या वर नवे रुग्ण आढळतात. 2006 मध्ये त्यांतला एक माझ्या पाचवीच्या वर्गात निघाला. दंडावर फिकट चट्टा. तपासायला आलेल्या बाईंनी त्याचे डोळे मिटवून चट्ट्यावर पेनचे टोक टेकवले. तो म्हणाला, "बाई, लावा ना."

सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू झाल्या. मला सारे ठाऊक होते. तरी दुसऱ्या दिवशी मी त्याला पहिल्या बाकावरून उठवून मागच्या खिडकीशी बसवले. "तिथे वारा बरा लागतो," असे म्हणालो. तो म्हणाला, "गुरुजी, तिथून फळा दिसत नाही." मी हजेरी घेऊ लागलो. गोळ्या संपल्या, डॉक्टरांनी बरा झाल्याचे लिहून दिले. मी त्याला पुढे बोलावले नाही. वर्ष संपले.

पुढे 1898 चा तो कायदा 2016 मध्ये रद्द झाला. कुष्ठरोगाच्या कारणावरून नवराबायकोला घटस्फोट मागता येई, तेही 2019 मध्ये बंद झाले. कायद्याच्या पुस्तकातून थोडी तरी भीती गेली.

गेल्या दिवाळीत तो मुलगा घरी आला. आता वायरमन आहे, दोन लेकरांचा बाप. हातात करंज्यांचा डबा. "बायकोने केल्यात, गुरुजी," म्हणून त्याने एक करंजी काढून पुढे केली. माझा हात क्षणभर, अगदी पापणी लवण्याइतका, थबकला. अठरा वर्षे झाली होती! त्याला ते कळले की नाही, मला ठाऊक नाही. तो हसून म्हणाला, "हात पुढे करा ना. फार खुसखुशीत झाल्यात, वरून सोडली तर फुटेल."

मला पाराखालचा तो भुगा आठवला. मी दोन्ही हात पुढे केले.