‘बंटिंग’ (संपादकाची तळटीप)

* बंटिंग : लेखक इथे बडोद्यातल्या १९३६ च्या हीरक महोत्सवाची, म्हणजे सयाजीराव महाराजांच्या राज्यारोहणाच्या साठीची, सजावट सांगत आहेत. तेव्हा हे दोरीला ओवलेल्या तिकोनी पताका. नुसते ‘पताका’ म्हटले की आपल्याला वारकऱ्याच्या खांद्यावरची आठवते, म्हणून मूळ शब्द ठेवला. बंटिंग हे आधी कापडाचे नाव : जहाजांवरच्या निशाणांसाठीचे हलके, विरळ विणीचे लोकरी कापड. माळांना ते नाव मागाहून चिकटले.

आधीच्या आवृत्तीत या जागी ‘रस्तोरस्ती भारीट पक्षी’ असे छापले गेले होते. कोशात भारीटही बंटिंगच, त्यामुळे अनुवादकाला फार दोष देववत नाही. शिवाय महोत्सव जानेवारीतला, आणि भारीट त्या दिवसांत गुजरातेत असतोच. काळ्या डोक्याचा भारीट चिमणीपेक्षा किंचित मोठा, पोटाशी पिवळाधमक, जाड चोचीने ज्वारी-गव्हाचे दाणे फोडणारा. आग्नेय युरोप आणि इराणकडून थंडीत थव्यांनी येतो, उन्हाळ्याच्या तोंडाला परततो. मात्र तो शेतांत उतरतो, भर बाजारपेठेत नव्हे. या आवृत्तीत चूक दुरुस्त केली आहे.