सायकलीचें माप

बीड शहर एके काळीं दोन जिनसांविषयीं प्रसिद्ध होतें : पाण्याच्या चामडी छागली आणि काठींत लपविलेल्या गुप्त्या. दोन्ही जिनसा हातच्या कारागिरीच्या. शेतींतहि तीच रीत होती. बलुत्यावर काम करणारा गांवचा सुतार नांगर करी, तो शेतकऱ्याचे बैल आणि त्याची जमीन पाहून. करणारा व वापरणारा एकमेकांस ओळखत असत. अशा जगांत सायकल आली, ती मात्र वापरणाऱ्याचें तोंडहि न पाहिलेल्या माणसांनीं केलेली. तिच्या सांगाड्याचा इतिहास समजून घेण्याजोगा आहे. कारण सायकलीवर कोणीं बसावें आणि कोणीं पायीं चालावें, हें पुष्कळ अंशीं त्या सांगाड्याच्या मापानेंच ठरविलें.

इ. स. १८८५ मध्यें इंग्लंडांतील कॉव्हेंट्री येथें जॉन केम्प स्टार्ली ह्यानें मागचें चाक साखळीनें फिरविणारी ‘रोव्हर’ सायकल तयार केली. लवकरच अशा सायकलींचा सांगाडा सरळ नळ्यांच्या चौकटीचा झाला व ती आकृति आजवर टिकली. १८८८ मध्यें डनलॉपनें बेलफास्ट येथें हवेची रबरी धांव सिद्ध केली. त्याच वर्षीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं बंधु रामूअण्णा ह्यांच्यासह बेळगांवीं सायकलींचें दुकान घातलें. सायकल शिकविण्याचेच पंधरा रुपये पडत. त्यावरून हें वाहन तेव्हां कोणाच्या आवाक्यांतलें होतें, तें कळेल. पुढें किर्लोस्करांनीं लोखंडी नांगर काढला, तेव्हां लोखंडानें जमीन नासेल अशी शंका शेतकऱ्यांनीं घेतली. सुतारानें आपल्यापुरता घडविलेला नांगर टाकून सर्वांसाठीं एकाच सांच्यांतून निघालेला नांगर घ्यावयाचा, हें मनास सहज पटण्यासारखें नव्हतें.

सांगाडा करण्याच्या रीति दोन. कारखान्यांत शेंकडों नळ्या एकाच लांबीच्या कापतात, ठराविक सांच्यांत बसवितात, सांध्यांत पितळ वितळवून त्या जोडतात आणि एकसारखा रंग देतात. कारागीर प्रथम बसणाऱ्याचें माप घेतो : पायाची लांबी किती, हाताची पोंच किती, ओझें किती, रस्ता कसा. मग नळी कापतो आणि तिचा कोनहि त्या मनुष्यासाठीं ठरवितो. पहिल्या रीतींत वेळ व पैसा वांचतो. दुसरींत शरीर वांचतें.

तथापि कारखान्याच्या मालास केवळ स्वस्त म्हणून हिणविणें अन्यायाचें होईल. विसावें शतक संपेपर्यंत बीड शहरास रेल्वे पोंचली नव्हती. अशा मुलखांत गेवराईच्या वाटेवर सायकलीचा चिमटा मोडला, तर बाजारांतून दुसरा आणून बसवितां येतो, तो सर्व चिमटे एकाच मापाचे असतात म्हणून. प्रत्येक सांगाड्याचें माप निराळें असतें, तर दुरुस्तीसाठीं मूळ कारागिराचाच दरवाजा गांठावा लागता. खेड्यांतील सायकल वर्षानुवर्षें चालती राहिली, ती ह्या एकसारखेपणामुळेंच.

जपानांत ह्या दोन रीतींचा मोठा सुरेख मेळ बसला आहे. १९४८ मध्यें तेथें ‘केइरिन’ नांवाच्या सायकल-शर्यती सुरू झाल्या. त्यांत भाग घेणारा गडी आपला सांगाडा आपल्या मापानें लहान कारागिराकडून करवून घेतो; मात्र सारे भाग मान्य नियमांत बसावे लागतात. म्हणजे सुटे भाग सर्वांचे, आणि सांगाडा ज्याचा त्याचा.

हिंदुस्थानांत हा मेळ जमला नाहीं. प्रथम विलायती सायकली आल्या. मग १९३९ मध्यें मुंबईस हिंद सायकल्स, १९४९ मध्यें मद्रासेस टी. आय., १९५१ मध्यें सोनिपतास ॲटलास आणि १९५६ मध्यें लुधियान्यास हीरो हे कारखाने निघाले. त्यांनीं सायकल सामान्यांच्या दारीं नेली, हा त्यांचा मोठा उपकार होय. परंतु खेड्यांत पोंचली ती बहुधा बावीस किंवा चोवीस इंची, आडव्या दांडीची, प्रौढ पुरुषाच्या बेताची. शाळकरी पोर दांडीखालून पाय घालून, अंग तिरपें करून, अर्धें पायडल मारीत ती चालवूं लागलें. लुगडें नेसणाऱ्या बाईस तर ती दांडी म्हणजे कुंपणच झालें. दांडी उतरती केलेली सायकल विलायतेंत एकोणिसाव्या शतकांतच निघाली होती. पण घरांत एकच सायकल घेण्याची ऐपत, आणि ती एक पुरुषाच्या मापाची!

उरलेलें काम गांवच्या मिस्त्रीनें केलें. दूधवाल्याच्या किटल्यांसाठीं लोखंडी कॅरिअर, तडकलेल्या नळीस आंतून आधार, लहान मुलासाठीं दांडीवर बसकी गादी : कारखान्याचा सांगाडा तो गिऱ्हाइकाच्या गरजेस जुळवून देऊं लागला. बलुत्याच्या सुताराचें कसब अशा रीतीनें सायकलीच्या दुकानांत जिवंत राहिलें.

पुढें महाराष्ट्र सरकारच्या मानव विकास कार्यक्रमांत मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेसाठीं सायकली मिळूं लागल्या. ह्याहि कारखान्याच्याच, कारागिरास प्रत्येक मुलीचें माप घ्यावयास सांगितलें असतें, तर पहिली सायकल मिळण्यापूर्वींच शिक्षण संपलें असतें. पण कारखान्यानें मुलीच्या मापाचा सांचा केला, तर तो एकच सांचा हजारों मुलींची शाळेची वाट जवळ करतो. कारागीर एका मनुष्याकडे पाहून नळी कापतो. कारखान्यानें निदान माणसांच्या सर्व वर्गांकडे पाहून सांचा करावा. यंत्र श्रेष्ठ कीं हात, हा वाद त्यानंतरचा. माप कोणाचें घेतलें, हा प्रश्न आधींचा.