भंडाऱ्याची निवडणूक आणि नागपूरचे भाषण

दरवर्षी १४ एप्रिलला आपल्या विहारासमोर भाषणे होतात, घोषणा होतात, टाळ्या पडतात. मागे एकदा एक म्हातारी आई घरी जाता जाता आम्हाला म्हणाली, "बाबू, पोरगा लय बोलला, पण सांगितलं काय?" आम्ही गप्प. ते भाषण आम्हीच लिहून दिले होते!

आम्ही राईस मिलमध्ये पोती उचलणारी माणसे, वक्तृत्व कोणाकडे शिकलो नाही. म्हणून प.पू. डॉ. बाबासाहेबांचे नागपूरचे भाषण पुन्हा काढून वाचले.

त्याआधी आपल्या जिल्ह्याची गोष्ट सांगितली पाहिजे. १९५४ ला बाबासाहेब भंडाऱ्यातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे होते. जागा दोन, त्यातली एक राखीव. मतदाराला मते दोन. आपल्या लोकांना दुसरे मत कुजवायला सांगा, असा सल्ला कार्यकर्त्यांनी दिला. ज्याने घटना लिहिली तो मत वाया घालवायला कसा सांगेल? बाबासाहेबांनी नकार दिला. सभा घेतल्या, बोलले, आणि काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून सुमारे आठ हजार मतांनी हरले. दुसरी जागा अशोक मेहतांना मिळाली. म्हणजे भाषणाचे मोल मतपेटीत मोजायचे म्हटले तर बाबासाहेबही नापास ठरतील.

पण अडीच वर्षांनी याच जिल्ह्यातली माणसे भाकरी बांधून नागपूरला गेली. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षा झाली आणि भाषण दुसऱ्या दिवशी सकाळी. आधी काम, मग बोलणे. (आमच्याकडे माईक हाती आला की काम राहूनच जाते.)

सुरुवातीलाच त्यांनी लोकांच्या मनातला प्रश्न घेतला, नागपूरच का? संघामुळे निवडले, असे बोलले जात होते. त्यांनी नाग लोकांचा इतिहास सांगितला, शहरातून वाहणाऱ्या नाग नदीचे नाव घेतले. नागपूरच्या माणसाने ती नदी रोज पाहिलेली. मग मेलेली ढोरे ओढण्याचा विषय काढला. हे काम सोडल्याने महारांचे नुकसान होते, असा कातडी-शिंगे-हाडांचा हिशोब कुणीतरी 'केसरी'त मांडला होता. बाबासाहेबांनी तो लपवला नाही, भर सभेत सांगितला. एवढा फायदा आहे तर तुम्हीच का घेत नाही, हा त्यांचा उलट सवाल. माणसाला लाभापेक्षा इज्जत मोठी, हे मग वेगळे पटवावे लागले नाही. समोरच्यांच्या खांद्यावर त्या ओझ्याचे वळ होते.

आणि नुसता अभिमान देऊन पाठवले नाही. मिळकतीचा विसावा भाग धम्मकार्याला द्या म्हणाले. शंभराला पाच, अडाण्यालाही बोटावर मोजता येईल असे.

यंदा त्या पोराला आम्ही काही लिहून दिले नाही. तुझा बाप मिलमध्ये काय करतो ते सांग, म्हटले. पाच मिनिटेच बोलला. पोत्याचे वजन सांगितले, दिवसाला किती पोती आणि हाती किती पैसे ते सांगितले. म्हातारी आई शेवटपर्यंत बसून होती. नंतर त्याला जवळ बोलावून विचारत होती, "कोणत्या मिलमध्ये रे?"