कागदावरची बाग

दसऱ्याला दारावर चढलेले झेंडूचे तोरण दिवाळीच्या पणत्या लागेपर्यंत पार सुकून गेलेले असते. नवे तोरण बांधण्यासाठी जुने उतरवले, की घरातली म्हातारी हात पुढे करून म्हणायची, "टाकू नका रे, इकडे द्या ते." मग ओटीवर बसून ती एकेक फूल कुस्करी. टोकाला फिकट असलेले काडीसारखे काळे बी वेगळे होई, त्याची पुरचुंडी बांधली जाई आणि ती आढ्याला, काकडी-पडवळाच्या राखेत घोळलेल्या बियांशेजारी जाऊन लटके. मृगाचा पाऊस पडला की पुरचुंडी खाली येई. पुढच्या दसऱ्याची फुले कुठून आणायची, हा प्रश्न त्या घराला कधी पडलाच नाही.

ज्या घरांना तो पडला, त्यांची गोष्ट आज सांगायची आहे. ती घडली सातासमुद्रापलीकडे, अमेरिकेत. पण तिचा शेवट आपल्या या तोरणातल्या फुलापाशीच होतो.

अमेरिकेच्या उत्तर भागात दिवाळीनंतर लवकरच जमीन दगडासारखी होते. डिसेंबर-जानेवारीत बागेवर हातभर बर्फ साचलेला असतो. आपल्याकडे हेच दिवस मेथीचे वाफे करण्याचे, मटार-फ्लॉवर लावण्याचे. तिथे मात्र माळ्याच्या हाताला काम नाही. अशा दिवसांत टपालवाला एक जाडसर चोपडी दारात टाकून जातो. तीत लालबुंद टोमॅटो, बाळाच्या डोक्याएवढे कोबीचे गड्डे, रंगीत गोड वाटाण्याची फुले यांची चित्रे असतात आणि प्रत्येकाखाली दर छापलेला असतो. हा बियांचा कॅटलॉग. शेगडीजवळच्या टेबलावर तो उघडायचा, कोऱ्या कागदावर परसाचा नकाशा काढायचा, वाफे आखायचे आणि मागे मागे मोजत यायचे: वसंतात शेवटचे हिम अमुक सुमारास पडते, म्हणजे टोमॅटोचे बी त्याआधी सहा ते आठ आठवडे घरातच, खिडकीत, कुंडीत पेरायला हवे, वाटाण्याला थंडी सोसते, तो माती मोकळी होताच, मका मात्र जमिनीला ऊब आल्यावरच. अशी कागदावर एक बाग तयार होते. तिच्यात तण नसते, कीड नसते, गाईगुरे शिरत नाहीत. आयुष्यातली सर्वांत सुंदर बाग माणसाने पाहिलेली असते ती अशी जानेवारीत, कागदावर!

ही चाल काही एका दिवसात पडलेली नाही. डेव्हिड लँड्रेथ याने फिलाडेल्फियात बियांची पेढी काढली ती १७८४ साली. त्याच शतकाच्या अखेरीस शेकर नावाच्या साध्या राहणीच्या पंथाच्या लोकांनी बिया विकायला सुरुवात केली. ते छोट्या कागदी पुड्यांत बिया भरीत आणि गाडीतून गावोगाव फिरून दुकानांत ठेवीत. आज आपण दुकानातून जी बियांची पुडी आणतो, तिचे पूर्वज हेच. त्यांची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. १८१९ साली त्यांच्या काही वसाहतींनी आपापसांत लेखी करार केला, की बाहेरून विकत घेतलेले बी आपल्या बियांत मिसळून विकायचे नाही. आपण पिकवले तेवढेच विकायचे.

एवढा करार कशासाठी? वाचकहो, बी हा सगळ्या व्यापारातला मोठा अवघड माल आहे. कापड हाताने चाचपता येते, आंबा हुंगून घेता येतो, घोड्याचे दात पाहता येतात. बियाचे तसे नाही. ते जिवंत की मेलेले, कोबीचे की मोहरीचे, हे कळेपर्यंत हंगाम निघून गेलेला असतो. गेलेला पैसा परत मिळवता येईल. गेलेला हंगाम कोण परत देणार? या अडचणीवर लबाडांनी आपले दुकान थाटले होते. इंग्लंडात काही व्यापारी महाग बियांत दुसरे स्वस्त बी मिसळीत आणि मिसळण्यापूर्वी ते भाजून वा उकळून मारून टाकीत. कारण उघड आहे: मेलेले बी उगवत नाही, मग चोरी उघडकीस येणार कशी? जुन्या बियांना रंग देऊन ताजे म्हणून विकण्याचीही युक्ती होती. शेवटी १८६९ साली इंग्लंडात बियांच्या भेसळीविरुद्ध कायदा झाला. त्याच वर्षी जर्मनीत, सॅक्सनीतील थारांट येथे, फ्रीड्रिख नोबे या प्राध्यापकाने बियांची परीक्षा करणारे केंद्र उघडले. आपल्याकडे बियाणे कायदा आला तो १९६६ साली.

तेव्हा कॅटलॉगातले चित्र कितीही देखणे असो, त्याच्यामागे प्रश्न एकच उभा असे: विश्वास कुणावर ठेवायचा? आणि ज्यांना तो मिळवता आला, तेच टिकले. रॉचेस्टरच्या जेम्स व्हिक याने १८६० नंतरच्या दशकांत आपला कॅटलॉग घरच्या माणसाने लिहिलेल्या पत्रासारखा केला. त्यात पेरणीची माहिती असे, चित्रे असत, गिऱ्हाइकांशी गप्पा असत. मिनियापोलिसमध्ये मिस लिपिंकट या बाईंनी फुलांच्या बियांचा धंदा काढला आणि प्रत्येक पुडीत किती बिया आहेत तो आकडाच छापायला सुरुवात केली. घरखर्चाचा हिशेब ठेवणाऱ्या बायकांना त्यांचे म्हणणे चटकन पटले असेल यात नवल नाही.

पण या क्षेत्रात सर्वांत गाजलेले नाव बर्पी यांचे. वॉशिंग्टन ॲटली बर्पी हा फिलाडेल्फियाचा मुलगा कोंबड्यांच्या नादी लागलेला. १८७६ साली, अठरा वर्षांचा असताना, आईकडून एक हजार डॉलर घेऊन त्याने टपालाने जातिवंत कोंबड्या विकण्याचा धंदा सुरू केला. कोंबड्या घेणारे शेतकरी बियाही मागू लागले आणि पाहता पाहता बियांनी कोंबड्यांना मागे टाकले. दर उन्हाळ्यात तो युरोपात फिरून नवनव्या जाती शोधी. पण युरोपातली भाजी अमेरिकेच्या हवेत तशीच येईल याचा भरवसा नव्हता. म्हणून १८८८ मध्ये त्याने पेन्सिल्व्हानियात डॉइल्सटाउनजवळ फोर्डहुक नावाचे शेत घेतले आणि बिया तिथे लावून पाहू लागला. आज जगभर खाल्ल्या जाणाऱ्या आइसबर्ग लेट्यूसचे बी त्याने १८९४ साली विकायला काढले. १९०२ मध्ये 'गोल्डन बँटम' हा पिवळा मका आणला. तोवर अमेरिकन माणूस पांढरा मका खाई आणि पिवळा जनावरांपुढे टाकी. मॅसॅच्युसेट्समधल्या एका शेतकऱ्याने आपल्यापुरती जपलेली ही जात त्याच्या मृत्यूनंतर एका जाणकाराच्या हाती लागली आणि तिथून बर्पीच्या कॅटलॉगात आली. चित्रे छापली पेढीने. पण बी राखले होते एका माणसाच्या हौसेने, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

या साऱ्याला टपाल खात्याचा हात लागला नसता तर कॅटलॉग शहरातच राहिले असते. १८९६ पासून खेड्यापाड्यांत घरपोच टपाल सुरू झाले. १ जानेवारी १९१३ पासून पार्सलेही टपालाने जाऊ लागली. सरकार स्वतःही बिया वाटत होते. १८३९ साली अमेरिकन काँग्रेसने पेटंट कचेरीला त्यासाठी व शेतीच्या माहितीसाठी एक हजार डॉलर मंजूर केले आणि पुढे लोकप्रतिनिधी आपापल्या मतदारांना बियांच्या फुकट पुड्या पाठवू लागले. व्यापाऱ्यांनी खूप ओरड केली, तरी ही पुडीवाटप विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापर्यंत चालू राहिली. मत मागण्यासाठी काय काय वाटले जाते हे आपल्याला ठाऊक आहे; त्यामानाने कोबीचे बी फारच सात्त्विक म्हणायचे!

आपल्याकडेही छापील कागदावरून बिया मागवण्याची रीत आली. १८२० साली कलकत्त्यात शेती आणि बागायतीसाठी एक संस्था स्थापन झाली. परदेशी बिया आणवून सभासदांना वाटणे हे तिचे एक काम. तिचा संस्थापक विल्यम कॅरी. मराठीचे व्याकरण १८०५ साली आणि शब्दकोश १८१० साली छापणारा तोच हा कॅरी. आपल्या शब्दांचे बी जपून ठेवणाऱ्या माणसाला फुलझाडांचाही तेवढाच नाद होता. पुढे पुण्यात १८८४ साली पेस्तनजी पोचा यांची बियांची पेढी निघाली आणि तिचे कॅटलॉग दूरदूरच्या बंगल्यांत पोचू लागले. फक्त ऋतू उलटा. तिथे हिवाळा म्हणजे कागदाचे दिवस. आपल्याकडे हिवाळा म्हणजे मातीचे. आपली कागदावरची बाग आखायची ती वैशाखात, जमीन तापून भेगाळलेली असताना, पावसाची वाट पाहत.

आता झेंडूकडे येऊ. ज्याच्याशिवाय आपला दसरा होत नाही, ते हे फूल मूळचे मेक्सिकोचे. तिथे १ आणि २ नोव्हेंबरला, म्हणजे बहुधा आपल्या दिवाळीच्याच आसपास, लोक मृतांची आठवण करतात आणि पितरांना वाट दिसावी म्हणून झेंडूच्या पाकळ्या पसरतात. मिरची, बटाटा, पेरू यांच्यासारखेच हे फूल समुद्रापलीकडून आले आणि आपल्या देव्हाऱ्यात असे जाऊन बसले, की ते परके होते यावर आज कुणाचा विश्वास बसू नये.

ॲटली बर्पी १९१५ मध्ये वारला आणि बावीस वर्षांचा मुलगा डेव्हिड धंदा पाहू लागला. पुढच्या काळात कॅटलॉगातल्या लाडक्या फुलांना, ॲस्टर आणि गोड वाटाण्याला, रोगांनी घेरले. डेव्हिडने मग झेंडूवर सारी भिस्त ठेवली. अमेरिकन बायकांना झेंडूच्या पानांचा उग्र वास आवडत नसे. चीन आणि तिबेटच्या सीमेकडील एका मिशनऱ्याने पाठवलेल्या बियांत वास नसलेले झाड सापडले आणि १९३७ मध्ये बिनवासाचा झेंडू बाजारात आला. आपल्याला मात्र त्या वासावाचून दसरा उजाडल्यासारखाच वाटणार नाही!

एक उणीव राहिली. झेंडू पिवळा होता, केशरी होता, तांबूस होता, पांढरा नव्हता. १९५४ साली डेव्हिड बर्पीने कॅटलॉगातून जाहीर केले, की जो कोणी खरा पांढरा, मोठा झेंडू पहिल्यांदा पाठवील त्याला दहा हजार डॉलर मिळतील. पेढीकडे शास्त्रज्ञ होते, प्रयोगशेते होती. तरी हे आवाहन परसात चार वाफे असणाऱ्यांना होते. हजारो लोक कामाला लागले. वर्षामागून वर्षे गेली. फिकट पिवळी फुले आली, सायीच्या रंगाची आली, पण पांढरे येईना.

आयोवा राज्यातल्या सली नावाच्या लहानशा गावी ॲलिस व्होंक म्हणून एक बाई होत्या. वनस्पतिशास्त्राची पदवी त्यांच्यापाशी नव्हती, बागेची हौस मात्र होती. त्यांची रीत आपल्या म्हातारीचीच: सर्वांत फिकट फूल हेरायचे, त्याचे बी राखायचे, पुढच्या वर्षी तेच लावायचे, त्यातून पुन्हा सर्वांत फिकट निवडायचे. १९७५ साली, स्पर्धा जाहीर झाल्याला एकवीस वर्षे झाल्यावर, त्यांच्या फुलाला बक्षीस मिळाले. ते पाहायला डेव्हिड बर्पी हयात होता. झेंडूला अमेरिकेचे राष्ट्रीय फूल करावे यासाठीही त्याने वर्षानुवर्षे खटपट केली. ती मात्र फळली नाही. १९८० मध्ये तो गेला आणि १९८६ मध्ये तो मान मिळाला गुलाबाला.

या गोष्टीत मला एक मौज वाटते आणि थोडी हुरहूरही. याच पेढीने १९४९ मध्ये 'बिग बॉय' नावाचा संकरित टोमॅटो आणला. संकरित बियाचे पीक भरघोस येते, पण त्या फळातले बी राखून पेरले तर पुढची पिढी आईसारखी निपजत नाही. बी दरवर्षी नव्याने विकत घ्यावे लागते. म्हणजे ज्या कॅटलॉगाने घराघरांतली बी राखण्याची गरज हळूहळू संपवली, त्यालाच आपल्या सर्वांत अवघड फुलासाठी अखेर बी राखणाऱ्या एका बाईच्या दारी जावे लागले.

संकरित बियांना नावे ठेवण्यात अर्थ नाही; वाढत्या तोंडांना त्यांनी घास दिला आहे. पण कुठले फूल ठेवायचे आणि कुठले सोडायचे हे पाहणारी नजर पुडीत मिळत नाही. ती घरातच तयार व्हावी लागते, आणि म्हातारीबरोबर गेली की पुन्हा कुठूनही मागवता येत नाही.

तेव्हा यंदा तोरण उतरवाल तेव्हा ते केराच्या टोपलीत टाकू नका. मुलांना जवळ बसवा, फुले कुस्करा आणि त्यांनाच निवडू द्या, कुणाला गडद हवा, कुणाला फिकट. पुरचुंडीवर नाव आणि साल लिहा. आढे नसेल तर एखादा कोरडा डबा पुरेल. गॅलरीतल्या एका कुंडीत ते बी मृगाला घाला. पुढच्या दसऱ्याला दारावर जे फूल चढेल, ते बाजारातल्याहून लहान असले तरी आपल्या घरचे असेल.