आपली बाजारपेठ : चाकण

मंदिराचा इतिहास, जीर्णोद्धाराचा वृत्तांत व देणगीदारांची नामावली या स्मरणिकेत अन्यत्र दिलेली आहे. प्रस्तुत लेखात मंदिराचा नव्हे, तर आपल्या बाजारगावाचा, म्हणजे चाकणचा परिचय करून देण्याचे योजिले आहे. मंदिराच्या स्मरणिकेत बाजाराचे काय काम, असे कोणी विचारील. परंतु ज्या वर्गणीतून हा जीर्णोद्धार झाला, त्या वर्गणीतील पुष्कळसा पैसा चाकणच्या बाजारातूनच आपल्या घरी आलेला आहे. कोणी कांदा विकला, कोणी बटाटा, कोणी शेंगा, तर कोणी गोठ्यातील खोंड. तेव्हा त्या बाजाराची चार अक्षरांनी आठवण ठेवणे हे आपले कर्तव्यच ठरते.

आपल्या खेड तालुक्याचे मुख्य ठिकाण राजगुरुनगर. पूर्वीचे त्याचे नाव खेड. हुतात्मा राजगुरू यांचा जन्म 1908 साली तेथे झाला, म्हणून त्यांचे नाव त्या गावास मिळाले. सातबारा, दाखला, मोजणी, कोर्ट-कचेरी यांसाठी आपण राजगुरुनगरला जातो. परंतु लग्नाचा बस्ता, बियाणे, भांडीकुंडी, बैलांचा साज आणि शेतमालाची विक्री यांसाठी पाय आपोआप चाकणकडे वळतात. कचेरी कोठे असावी हे सरकार ठरविते. बाजार कोठे भरावा हे रस्ते आणि माणसे ठरवितात. चाकणचा सारा इतिहास या एका गोष्टीत आहे.

चाकण हे दक्षिणेकडील इंद्रायणी आणि उत्तरेकडील भामा या दोन नद्यांच्या मधल्या भागात वसलेले आहे. पुण्याहून नाशिकला जाणारा रस्ता गावातून जातो. तळेगावहून शिक्रापूरकडे जाणारा आडवा रस्ता त्याला येथेच छेदतो. तळेगाव मुंबईच्या रस्त्यावर, शिक्रापूर नगरच्या रस्त्यावर. म्हणजे मुंबई, नाशिक व नगर या तिन्ही वाटा चाकणच्या चौकात एकमेकींना भेटतात. शिवाय पश्चिमेकडील भामनेर खोऱ्यातील गावांनाही जवळची पेठ हीच. अशा जागी सैन्याचे ठाणे झाले, बाजार भरला आणि पुढे कारखानेही आले, यात नवल नाही.

रथाचे चाक येथे रुतले म्हणून देवाचे नाव चक्रेश्वर आणि गावाचे नाव चाकण, अशी आख्यायिका आहे. तिच्या खरेखोटेपणाचा वाद बाजूस ठेवला, तरी या वाटेने चाके फार पूर्वीपासून जात-येत असली पाहिजेत, इतका बोध तीतून घेता येतो. चक्रेश्वराच्या आवारातील यज्ञवराहाची भग्न मूर्ती गावाच्या प्राचीनत्वाची साक्ष देते. पंधराव्या शतकात बहामनी सरदार मलिक-उत्-तुजार याने आपले ठाणे येथेच केले होते. येथील भुईकोट किल्ला संग्रामदुर्ग सर्वांना ठाऊक आहे. 1660 सालच्या भर पावसाळ्यात शाइस्तेखानाच्या अफाट फौजेशी किल्लेदार फिरंगोजी नरसाळा यांनी मूठभर मावळ्यांनिशी सुमारे दोन महिने झुंज दिली. अखेर सुरुंगाने बुरूज उडाला, तेव्हाच किल्ला पडला. डोंगरावरचा अवघड गड नव्हे, तर सपाटीवरचा लहानसा कोट त्यांनी इतके दिवस लढविला, ही गोष्ट पंचक्रोशीस सदैव भूषणावह आहे.

किल्ल्याचे दिवस गेले, पण वाटा राहिल्या आणि वाटांबरोबर बाजार राहिला. शनिवार हा चाकणचा बाजारवार. बैल, गाई, म्हशी, शेळ्या-मेंढ्या यांचा बाजार त्याच दिवशी भरतो. दात पाहून, चालवून, खांदा तपासून बैलाची पारख करणारी जाणती मंडळी आजही तेथे भेटतात. कांदा आणि बटाटा हे या पेठेचे मुख्य पीक. त्यांच्या जोडीला भुईमुगाच्या शेंगा, लसूण, हिरवी मिरची आणि पालेभाज्यांच्या जुड्या. आठवडाभर कामात गुंतलेली माणसे या दिवशी एकमेकांना भेटतात. सोयरीक जुळते, उसनवारी फिटते, पाहुण्यांची ख्यालीखुशाली कळते. बाजार हा नुसता देवघेवीचा नसून मुलुखाच्या भेटीगाठीचा दिवस असतो.

मात्र बाजारात सर्वच गोड असते असे नाही. पूर्वीच्या बाजारांतून व्यापारी व दलाल रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवीत. ज्याचा माल, तो शेतकरी शेजारी उभा राहून नुसता तोंडाकडे पाही. वजनात सूट, नमुन्याच्या नावाखाली पसाभर माल आणि वर हमाली, तोलाई, अडत अशी कपात होऊन हाती काय पडेल ते खरे. ही रीत बंद व्हावी म्हणून बाजार समित्या निर्माण झाल्या. 1963 च्या महाराष्ट्र कृषी उत्पन्न खरेदी-विक्री कायद्याने उघड लिलाव, परवानाधारक मापाडी आणि ठरलेली अडत हे नियम घातले. आपल्या खेड बाजार समितीचे चाकण येथील आवार महात्मा फुले यांच्या नावाने ओळखले जाते. शेतकऱ्याच्या लुबाडणुकीवर प्रथम आसूड उगारणाऱ्या त्या महापुरुषाचे नाव बाजारास असणे सर्वथा उचित आहे. पुढे 2016 साली शासनाने भाजीपाला, फळे, कांदा व बटाटा यांची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा नियम केला.

कायद्याने माप सुधारले, पण भाव सुधारला नाही. कांदा भरपूर पिकला की मातीमोल होतो, आणि थोडा महागला की त्याच्या निर्यातीवर बंधने येतात, हा अनुभव आपणांपैकी प्रत्येकाचा आहे. या प्रश्नाला तोंड फुटले ते चाकणलाच. स्वित्झर्लंडमधील नोकरी सोडून आलेले शरद जोशी यांनी चाकणजवळ आंबेठाण येथे जमीन घेऊन स्वतः शेती केली. हिशेब मांडला, तेव्हा उत्पादनखर्चही भरून निघत नाही असे त्यांच्या ध्यानी आले. 1979 साली शेतकरी संघटना उभी राहिली. जानेवारी 1980 मध्ये भामनेर खोऱ्यातील लोक पक्क्या रस्त्याच्या मागणीसाठी वांद्रे येथून चाकणपर्यंत पायी चालत आले. आणि मार्च 1980 मध्ये कांद्याच्या भावासाठी पुणे-नाशिक रस्त्यावर शेतकऱ्यांनी रास्ता रोको केला. चाकणमधून निघालेली ही ठिणगी त्याच वर्षी नाशिक जिल्ह्यात ऊस-कांदा आंदोलनाच्या रूपाने भडकली आणि पुढे साऱ्या महाराष्ट्रात पोहोचली. शरद जोशी 2015 साली निवर्तले. त्यांची सर्व मते सर्वांना पटोत वा न पटोत, चाकणचे नाव देशाच्या नकाशावर प्रथम गेले ते मोटारींमुळे नव्हे, कांद्यामुळे, हे नव्या पिढीने ध्यानी ठेवावे. रस्ता आणि भाव या त्या दोन मागण्यांतच कोणत्याही बाजाराचा जीव असतो.

यानंतर काळ झपाट्याने पालटला. औद्योगिक वसाहत आली. 1999 मध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, 2009 मध्ये फोक्सवॅगनचा. इतरही अनेक आले. परप्रांतीय कामगार, भाड्याच्या खोल्या, बँका, दवाखाने, कापडाची व विजेच्या वस्तूंची मोठमोठी दुकाने यांनी गाव फुलून गेले. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या 41 हजारांच्या घरात गेली, आणि 2015 साली ग्रामपंचायत जाऊन नगरपरिषद झाली. कागदोपत्री चाकण आता शहर, तर पिंपरी-चिंचवडचे जणू उपनगरच. आपल्या गावातील मुलांना तेथे नोकऱ्या मिळाल्या, ही समाधानाची गोष्ट आहे.

परंतु दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ज्या वाटांनी बाजार वाढविला, त्याच वाटा आज वाहनांनी तुंबल्या आहेत. तळेगाव चौकात आणि आंबेठाण चौकात तासन् तास खोळंबा होतो. कांद्याचा टेम्पो अडकला तर शेतकऱ्याचा लिलाव चुकतो. जमिनीला बांधकामाचा भाव आल्यामुळे मेथी-कोथिंबिरीच्या चार जुड्या घेऊन बसणाऱ्या माउलीला बसायला हातभर जागा मिळणे कठीण झाले आहे. काचेची दुकाने जरूर असावीत. पण विकत घेणाऱ्यांची सोय झाली आणि विकणाऱ्याला जागा उरली नाही, तर तो बाजार राहणार नाही. तो केवळ दुकानांची रांग होईल.

म्हणून ग्रामस्थ बंधू-भगिनींना व देणगीदारांना नम्र विनंती अशी की, शनिवारी चाकणला गेल्यावर ताजा भाजीपाला प्रथम आपल्या शेतकऱ्याच्या टोपलीतून घ्यावा आणि रोख दाम द्यावा. आपली मंडळी बाजार समितीवर व नगरपरिषदेवर निवडून जातात. त्यांच्याजवळ रस्ता, पाणी, सावली आणि बसण्याची जागा यांची मागणी आपण सर्व गावांनी मिळून करावी. पुढच्या पिढीने चाकणला केवळ कारखान्याच्या फाटकाशी नव्हे, तर आपला माल घेऊनही जावे.

मंदिर आणि बाजार या दोन्ही जागा कोणा एकाच्या नसतात, पंचक्रोशीच्या असतात. दोहोंचा पाया विश्वास हाच. मंदिराचा जीर्णोद्धार आपण एकजुटीने केला. बाजाराची जपणूकही तशाच एकजुटीने आपल्या हातून घडो, शेतकऱ्याच्या घामाला रास्त मोल मिळो आणि येणारा प्रत्येक शनिवार पंचक्रोशीस भरभराटीचा जावो, हीच श्रींच्या चरणी प्रार्थना.