मृगाच्या पायाखालचा निखारा

पौषात मृग नक्षत्र वर आले की त्याच्या पायाखाली शशक हा फिकट तारकासमूह असतो. आमच्या पनवेलच्या दिव्यांत तो हुडकणे कठीणच! तेथे १९ प्रकाशवर्षांवर ग्लीझ २२९ हा लाल तारा आहे. तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

फार लहान गोळ्यात हायड्रोजन पेटत नाही, तो जन्मभर निवतच जातो, हे शिव कुमार यांनी १९६३ साली गणिताने मांडले. असल्या गोळ्याला ‘तपकिरी बटू’ म्हणतात. पण तो दाखवायचा कसा?

१९९५ साली पालोमार वेधशाळेतून तो दाखवणाऱ्यांत कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी होते. उन्हात आपण कपाळावर हात धरतो ना, तसे त्यांनी ताऱ्याचे तेज यंत्राने झाकले. शेजारी मंद ठिपका उरला. त्याच्या प्रकाशात मिथेनची खूण मिळाली. मिथेन म्हणजे आपल्या गोबरगॅसमधलाच वायू! ताऱ्याच्या धगीत तो टिकायचा नाही. तेव्हा हा गोळा हजार अंशांहूनही थंड, तारा नव्हेच.

मात्र वजनाच्या मानाने तो फारच अंधूक भरला. ते कोडे २०२४ साली सुटले: तेथे एक नव्हे, दोन बटू आहेत, बारा दिवसांत एकमेकांभोवती फेरी घालणारे.