हिरव्या कंदिलाचे वय

एखाद्या प्रस्तावाला मंत्रिमंडळाने ‘हिरवा कंदील दाखवला’, असे आपली वृत्तपत्रे सर्रास लिहितात. नागपूरच्या वृत्तपत्रांत ‘हिरवी झेंडी’ही आढळते, हिंदीचा शेजार तेथे लपत नाही. कंदील घरांतून गेला, रेल्वेतही त्याची जागा विजेरीच्या दिव्याने घेतली, वाक्प्रचार मात्र टिकला. आम्हांला कुतूहल आहे ते त्याच्या वयाचे.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली गाडी निघाली ती एकवीस तोफांच्या सलामीत. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा लोहमार्ग नागपूरला पोचला १८६७ साली. त्या काळच्या ब्रिटिश रेल्वेच्या रिवाजात पांढरा दिवा म्हणजे मार्ग मोकळा, लाल म्हणजे धोका आणि हिरवा म्हणजे सावधान, वेग आवरा. या व्यवस्थेत एक घातक उणीव होती. सिग्नलची लाल काच फुटली की आतला दिवा पांढराच दिसे, आणि धोक्याची खूण मोकळ्या वाटेची होऊन बसे. अखेर १८९०च्या दशकात ब्रिटनमध्ये मोकळ्या मार्गासाठी हिरवा रंग रूढ झाला. म्हणजे नागपूरला आगगाडी आली तेव्हा त्या रिवाजात हिरव्या दिव्याचा अर्थ संमती नव्हता. संमतीच्या अर्थाचा आपला वाक्प्रचार त्यानंतरचाच असला पाहिजे. १८६०-७०च्या सुमाराच्या एखाद्या मराठी मजकुरात हिरवा कंदील भेटलाच, तर अध्यापकांनी त्याचा अर्थ लावताना थोडे थांबावे.

वाक्प्रचाराने आणखी एक गोष्ट झाकली आहे. संमती देणारा कोणी एकच असतो, असे त्यातून वाटते. फलाटावर तसे कधीच नव्हते. स्टेशनमास्तरच्या परवानगीवाचून गाडी सुटत नाही. प्रस्थानाचा सिग्नल मिळावा लागतो. जुन्या सिग्नलचा हात खाली झुकला की वाट मिळे, म्हणून ‘सिग्नल पडला’ हा शब्दप्रयोग. एकेरी मार्गावर नीलच्या यंत्रातून निघणारा गोळा चालकाच्या हाती पडावा लागे. तो गोळा हाच पुढच्या मार्गाचा अधिकार. एवढे झाल्यावर शेवटच्या डब्यातला गार्ड शिट्टी वाजवतो, दिवसा हिरवा बावटा आणि रात्री हिरवा दिवा दाखवतो. मग इंजिनाचा भोंगा वाजतो. सिग्नल मिळाला पण गार्डची खूण नाही, तर चालकाने गाडी हलवायची नाही. गार्डने खूण केली पण सिग्नल लाल, तरीही नाही. जानेवारी २०२२ पासून गार्डचे पदनाम ‘ट्रेन मॅनेजर’ झाले आहे. आम्ही जुनाच शब्द वापरतो, कारण राखणीचा अर्थ त्यात आहे.

११ डिसेंबर २०२२ रोजी पंतप्रधानांनी नागपूर स्थानकावर बिलासपूरच्या वंदे भारत गाडीला हिरवा झेंडा दाखवला. १० ऑगस्ट २०२५ रोजी अजनीहून पुण्याची वंदे भारत सुरू झाली, तेव्हा झेंडा बंगळुरूत होता. दूरदृश्य प्रणालीने तो अजनीला दिसला. गाडी मात्र त्या दिवशीही अजनीच्या प्रस्थान सिग्नलखालूनच पुढे गेली.